इकबालभाई आलेच नाहीत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलीला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. आता ते गेले. मी थकले — गुडघ्यांनी थकले तेवढीच या एका गोष्टीनंही थकले. म्हणून लिहायला बसले. माझी शाळा सातवीपर्यंतची, तेव्हा बोलते तसंच लिहीन, सांभाळून घ्या.

मी कुवेतला गेले ती इराकची लढाई संपल्यावर, ब्याण्णव साली, वर्षाच्या सायलीला कडेवर घेऊन. आमचे हे शुवैखला एका कंपनीचं गोदाम सांभाळायचे. नळ, बेसिन, फरशा, सगळं बाथरूमचं सामान. राहायला सबाह अल-सालेमला दोन खोल्या. पहिली दोन वर्षं मी दार उघडायलाही घाबरायचे. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की खाली बघायचं. मग दुधाच्या खोक्यावरची अक्षरं जुळवत इंग्रजी वाचायला शिकले, टीव्हीवरून हिंदी उचललं, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या म्हाताऱ्याकडून मोजण्यापुरतं अरबी. आठ-नऊ वर्षांत अशी झाले की इमारतीतल्या नव्या सुना बाळाला ताप आला की आधी माझ्याकडे यायच्या. हळदीकुंकू माझ्याच घरी. ‘काकू, काकू’ चालायचं दिवसभर. मी कुणीतरी आहे असं वाटायला लागलं होतं मला.

हे का सांगतेय? मनातल्या मनात कितीदा सांगायला घेतलं, दरवेळी इथेच येऊन रेंगाळते. कारण आधी सांगून टाकलं की केलेलं जरा हलकं होतं, नाही का? होत नाही खरं तर.

दोन हजार एकची गोष्ट. कंपनीचा सगळा माल चीनमधून यायला लागला होता, आणि मालकांना तिथे, ग्वांगझू म्हणून मोठं शहर आहे, तिथे ऑफिस उघडायचं होतं. मालक कुवेती, सगळे त्यांना अबू फहाद म्हणत. त्यांनी आमच्या ह्यांना विचारलं — तू जातोस का? बायकोमुलीला घेऊन जा, घर देतो, शाळा देतो. गोदामातल्या माणसाला साहेब करायला निघाले होते.

हे घरी आले ते बूटसुद्धा न काढता सांगायला लागले. बावन्न वर्षांचा माणूस, पण त्या दिवशी विशीतला वाटला. माल घेऊन येणाऱ्या एका चिनी माणसाला धरून शब्द विचारायचे आणि वहीत मराठी अक्षरांत लिहून ठेवायचे. ‘ताय क्वे’ म्हणजे फार महाग. मी फ्लॉवर आणला की पिशवीत डोकावून म्हणायचे, “ताय क्वे, बाई, ताय क्वे!” सायली हसून लोळायची. मीही हसायचे. पण मनात यायचं, तिथली पाटी कशी वाचू? दूध कशाला म्हणतात ते कसं विचारू? पुन्हा लिफ्टमध्ये खाली बघायचं?

पण हे मी त्यांना बोलले नाही. “तुम्ही म्हणाल तसं,” म्हणाले. तोंडावर नाही म्हणायची हिंमत नव्हती, हो म्हणायची इच्छा नव्हती.

आता बघा, आपल्या माणसांची रीत. ह्यांच्या मनात शंभर टक्के होकार होता, तरी मालकांना ते म्हणाले काय, तर “घरी विचारून कळवतो.” चटकन हो म्हटलं तर हावरेपणा दिसतो ना! आणि पुढे म्हणाले, इकबालभाईंना घरी पाठवा. बायकोनं तिचा आणि सायलीचा पासपोर्ट दिला की आमचा होकार समजा.

इकबालभाई म्हणजे कंपनीचे मंदूब, सरकारी कागदपत्रांची धावपळ करणारे. दापोलीकडचे. ते सकाळी आले तेव्हा हे बंदरावर कंटेनर सोडवायला गेले होते. इकबालभाई दारातूनच ओरडले, “काय वहिनी, आता चॉपस्टिकनं वरणभात खायला शिका! आणा ते पासपोर्ट.”

पासपोर्ट कपाटात वरच्या कप्प्यात होते. मी आत गेले. हात लावला. आणि रिकाम्या हातानं बाहेर आले.

मी म्हणाले, “इकबालभाई, ह्यांचा जायचा विचार नाही. पण मालकांच्या तोंडावर नाही म्हणवत नाही त्यांना. म्हणून मला सांगायला सांगितलंय.”

ते म्हणाले, “असं? पण ते तर…”

“तुम्ही त्यांच्याजवळ विषय काढू नका,” मी म्हणाले. “मालकांनाही काढू देऊ नका. शरमेनं मान खाली जाईल त्यांची. बहिणीसाठी एवढं कराल ना?”

बहिणीसाठी! कुठून सुचलं मला ते? इकबालभाई शब्दाचे पक्के. “अल्लाकसम, नाही काढणार,” म्हणाले आणि चहा न घेता गेले.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, “इकबाल आला होता?”

“नाही बाई,” मी म्हणाले. “आलेच नाहीत.”

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी विचारलं नाही. मालकांना जाऊन विचारायचं तर मानी माणूस. इकबालभाई समोर आले की नजर चुकवायचे, ते माझ्या शब्दाखातर. ह्यांना वाटलं, यालाही कळलंय, माझं नाव काढून टाकलंय. महिन्याभरानं जोसेफचं नाव लागलं. ह्यांच्याच हाताखाली तयार झालेला मुलगा तो. ह्यांनी त्याला निरोपाला पेढे नेऊन दिले. पेढे मीच केले होते.

त्यानंतर हा माणूस बसला तो बसलाच. गोदामात नवीन साहेब आले, गेले. हे म्हणायचे, “माझं इंग्रजी कमी पडलं असेल.” कधी म्हणायचे, “तोंडावर हो म्हणतात मालक, पण मनातून आपण हमालच.” ते ऐकताना मी भाजी चिरत असायचे. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. आठ वर्षांत नाही बोलले.

मध्ये त्या चीनमध्ये सार्सची साथ आली. टीव्हीवर तोंडं बांधलेली माणसं बघून मी काय म्हणावं? म्हणाले, “बघा, देवानं वाचवलं.”

“देवानं कसलं,” हे म्हणाले, “मालकांनी.”

दोन हजार नऊला हे निवृत्त झाले. कंपनीनं निरोपाचं जेवण ठेवलं, मीही गेले. अबू फहाद जुन्या पिढीतले, हिंदी बरं बोलायचे. सगळ्यांसमोर ह्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, “तुमने चायना को ना बोला, मेरा दिल टूटा था. इकबाल बोला, मत पूछो, शरम आएगा. मैंने नहीं पूछा.”

ह्यांच्या हातात समोशाची बशी होती. ती त्यांनी सावकाश टेबलावर ठेवली. मग म्हणाले, “हाँ बाबा. मैंने ही ना बोला था. घर का थोड़ा मुश्किल था.”

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जाताना इकबालभाईंना मात्र मिठी मारली, बराच वेळ.

त्यांना कळलं होतं. मला ते कळलं होतं. गावी परत आलो, सहा वर्षं एका घरात राहिलो. ते कधीकधी पेपर खाली ठेवून म्हणायचे, “अगं, एक विचारू?” आणि मी उठायचे — दूध उतू जातंय, कुणीतरी आलंय. नाहीतर बोलत सुटायचे, शेजारची सून, पाण्याची मोटर, काय वाटेल ते. लोक म्हणतात मी गप्पिष्ट आहे. त्यांना बोलायला फट मिळू नये म्हणून बोलायचे मी.

शेवटी चिपळूणच्या दवाखान्यात होते. एका दुपारी त्यांनी सायलीला औषध आणायच्या निमित्तानं खाली पाठवलं. माझं मनगट धरलं. म्हणाले, “अगं, ते चीनचं…”

मी म्हणाले, “डॉक्टरांनी तुम्हाला बोलायला मनाई केली आहे.”

त्यांनी मनगट सोडलं.

डॉक्टरांनी तसं काही सांगितलेलं नव्हतं.