मी अण्णांना आधीच मारलं होतं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिच्यापासून माझं काहीच लपत नाही, चोरून खाल्लेली भजीसुद्धा. मग तुम्हाला का सांगतोय? तुमचं तोंड मला दिसत नाही म्हणून असेल.

आधी एक ऐका, माझं बरं चाललंय. सांगलीत माझा सॅक्सोफोनचा क्लास आहे, पोरं येतात, पुण्या-मुंबईत कार्यक्रम होतात. नाट्यसंगीताच्या या गावात लोक मला कौतुकाने ‘आमचे जॅझवाले’ म्हणतात. झोप शांत लागते. ही दुःखी माणसाची गोष्ट नाही — तशी असती तर सांगणं सोपं गेलं असतं.

माझ्या वाजवण्यातली एक गोष्ट लोकांना फार आवडते. सूर मी जरा खालून धरतो, ताल पुढे जाऊ देतो — आता हा चुकला, असं वाटेपर्यंत थांबतो — आणि मग निवांत येऊन समेवर बसतो. ही तुमचीच शैली, असं लोक म्हणतात. मी हसतो. जॅझच्या रेकॉर्ड ऐकून आपला आपण शिकलो, असं मी आजवर सगळीकडे सांगत आलोय.

रेकॉर्ड? साताऱ्याकडच्या कोरेगावात आमच्या घरी साधा रेडिओ धड लागत नव्हता.

मला शिकवलं दत्तूअण्णांनी. तरुणपणी ते मुंबईच्या हॉटेलांत गोव्याच्या वादकांबरोबर जॅझ वाजवायचे. ते बँड बंद पडले तसे कोरेगावला परत आले आणि लग्नाच्या बँडमध्ये लागले. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, आणि नवरदेवाच्या घोड्यापुढे सॅक्सोफोन. सिनेमातलं गाणं सुरू करायचे आणि मध्येच ते सोडून कुठल्या कुठे भटकायला निघायचे. नाचणारे गोंधळून उभे राहायचे, बँडमालक शिव्या घालायचा, अण्णा आपले मजेत. मला म्हणायचे, “लांब जा की लेका, भितूस कशाला? गाणं काय पळून जातंय व्हय?” आपल्या गोव्याच्या उस्तादाचं नाव घेताना ते दर वेळी कानाची पाळी धरायचे. मी त्यांच्यासाठी कधी कानाला हात लावला नाही. नावच घ्यायचं नाही, तर कान कशाला धरायचा?

लाज वाटायची — दुसरं काय? सभागृहात इस्त्रीच्या कपड्यांत बसलेल्या लोकांना वरातीतला गुरू कसा सांगायचा?

इथवरचं पुष्कळजण करतात. माझं पुढे आहे.

मुंबईहून एक बाई आल्या. जुन्या हॉटेलांतल्या जॅझवादकांवर फिल्म करत होत्या. गोव्याच्या एका म्हाताऱ्या वादकाने त्यांना सांगितलं होतं, की आमच्यात साताऱ्याकडचा दत्ता म्हणून एकजण होता, त्याच्यासारखं कुणी वाजवलं नाही. बाईंनी मला विचारलं — तुम्ही तिकडचेच ना, ओळखता का त्यांना? बायको चहा करायला आत गेली होती.

अण्णा तेव्हा कोरेगावात ठणठणीत होते. बाई तिथे गेल्या असत्या, अण्णांनी एक ओळ वाजवली असती, की माझं सगळं उघडं पडलं असतं. मी म्हणालो — ते वारले. वर चेहराही पाडला. बाई हळहळल्या, आणि कोरेगावला गेल्या नाहीत.

फिल्म आली. तिच्यात अण्णांचा एक जुना फोटो, आणि हा गुणी वादक गावाकडे जाऊन वारला, अशी दोन वाक्यं. त्याच्यामागोमाग मी, वाजवताना.

कुणीतरी ती अण्णांना मोबाईलवर दाखवली. ते एसटीने सांगलीला आले, पिशवीत माझ्यासाठी घेवडा, आणि दारातच हसू लागले. “मी मेलो म्हंत्यात की रं! पर लय ग्वाड बोलल्यात. जित्तेपणी कुणी बोललं न्हवतं एवढं.” माझ्या सोफ्यावर बसून त्यांनी फिल्म पुन्हा पाहिली. माझं वाजवणं आलं तेव्हा डोळे मिटून मान डोलावली. मग सहज विचारलं, “त्यास्नी कुणी सांगितलं असंल रं?”

“काय म्हाईत, अण्णा,” मी म्हणालो. “असंल गावातलं कुणीतरी.”

“असंल,” म्हणाले, आणि चहा बशीत ओतला. त्यांना कळलं होतं का? मी कधी विचारलं नाही.

त्यानंतरही अण्णा बरीच वर्षं लग्नसराईत वाजवत होते. बाईंचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. एक फोन करायचा होता फक्त — नाही केला. अण्णा खरोखर गेले तेव्हा मी कोरेगावला गेलो, बँडवाल्यांबरोबर खांदा दिला, आणि मला हायसं वाटलं. माझं बोलणं आता खोटं राहिलं नव्हतं.

काल क्लासमध्ये मी तेच थांबणं शिकवत होतो. एका मुलीने पहिल्यांदाच ते बरोबर वाजवलं आणि खुशीत विचारलं, सर, हे तुम्ही शोधून काढलंत?

मी हो म्हणालो.