दोन मापांचा चुडा

आमच्या सेलूच्या घराशेजारी राहणाऱ्या काकूंचं छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. एक स्तन काढावा लागला, औषधांनी अंग सुटलं आणि डावा हात सुजला तो सुजलाच. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. माझ्या परीक्षांचे डबे काकूंच्या याच हातांनी भरले होते.

"तब्येत लय भरली. आजार मानवला म्हणा की!" बायका म्हणायच्या. काकू हसायच्या, पदर सारखा करायच्या. मग त्यांनी लग्नाकार्याला जाणंच सोडलं.

पण लग्न लेकीचंच आलं. चुडा भरताना काकूंचा उजवा हात झाला आणि डाव्यापाशी कासारीण थांबली. काकूंच्या जाऊबाई हळूच म्हणाल्या, "राहू दे, एकाच हातात भर."

काकूंनी सुजलेला हात सगळ्यांसमोर पुढं केला.

"हे दोन हात दोन बायांचे समज. याला मोठं माप काढ. सैल भर, दाबू नको."

कासारीण हसली. "मंग ही बाई कोन म्हणायची, मावशी?"

"पावनी हाय. दवाखान्यातून माझ्यासंगं आली, आता हितंच राहनार. तिला बी मानानं भर."