कशावरूनबाईंची बदली

आमच्या विज्ञानाच्या बाईंना उत्तर बरोबर आलं की जास्त संशय यायचा. "पाणी शंभर अंशांना उकळतं," असं कुणी ठणकावून सांगितलं की लगेच प्रश्न, "कशावरून?" "पुस्तकात दिलंय," म्हटलं की खाली बसायची परवानगी नाही. पिंपळगावच्या आमच्या शाळेत त्यांचं नाव कशावरूनबाई पडलं. ते त्यांना ठाऊक होतं, आणि आवडतही असावं.

त्या नाशिकहून रोज एसटीने यायच्या. घरी सासरे अंथरुणाला खिळलेले. त्यांचं सगळं करून पहिल्या तासाला हजर. चुकीच्या उत्तरावर तर त्या खूश व्हायच्या. "छान! आता हे खोटं ठरायला काय दिसलं पाहिजे, ते सांग." अशा बाईंना गावाने कसं घालवलं, ते आठवलं की माझ्या अंगाचा आजही तिळपापड होतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी नववीत होते. आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी चुंबकाच्या पट्ट्याची एजन्सी घेतली. पाण्याच्या पाइपला पट्टा बांधला की द्राक्षं गोड होतात म्हणे! निम्म्या गावाने बांधला, माझ्या वडिलांनी, अण्णांनीही बांधला. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात नववीने पट्ट्याचे फायदे मांडावेत, असा वरून निरोप आला. बाई म्हणाल्या, "मांडू की. आधी मोजू."

अण्णांच्या बागेचे दोन तुकडे, विहीर एकच, पट्टा एकाच पाइपला. द्राक्षं खोक्यांत भरतात त्या पॅकहाउसमधून गोडी मोजायची दुर्बिणीसारखी नळी मागून आणली. पट्ट्याकडची द्राक्षं चक्क गोड निघाली. आम्ही नाचायच्या बेतात, तेवढ्यात बाईंनी विचारलं, "घडातला कुठला मणी तोडलात?"

घडाच्या खांद्याचा मणी गोड, शेंड्याचा आंबट, हे द्राक्षवाल्यांच्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. तरी पट्ट्याकडचे मणी आम्ही खांद्याचे तोडले होते आणि दुसरीकडचे शेंड्याचे. कुणी ठरवून नव्हे, हात आपोआप तिकडे गेले होते. मग बाईंनी स्वतः सगळे खांद्याचेच मणी तोडले, पुड्या बांधल्या आणि कुठली पुडी कुठल्या तुकड्यातली हे आम्हाला सांगितलंच नाही. या वेळी दोन्हीकडची गोडी सारखीच आली.

"पट्ट्याचा गुण शेजारच्या तुकड्यालाही लागला असेल," मी म्हणाले.

"असेल. मग गुण नाहीच, हे आपल्याला कशाने कळेल?"

प्रदर्शनाच्या तक्त्याखाली आम्ही लिहिलं : फरक आढळला नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक वर्गात आले. "बाई, शेवटची ओळ तेवढी बदला. नाहीतर हरसूलच्या शाखेत जागा रिकामी आहे." सरळ धमकी, आणि तीही आमच्यादेखत!

"ओळ मुलांची आहे, सर. त्यांना विचारा."

मागच्या बाकावरून एक जण उठला. "सर, परत मोजू ना! तुम्ही बी या."

सर आले नाहीत. आला तो हरसूलच्या बदलीचा आदेश. त्र्यंबकच्या पलीकडे घाटात राहून सासऱ्यांचं कोण करणार? बाईंनी राजीनामा दिला.

अध्यक्षांवर माझा तेवढा राग नाही. व्यापाऱ्याने व्यापार केला. माझा राग गावावर आहे, अण्णांवर आहे. आमचं मोजमाप घरोघर पोचलं होतं. अण्णांनी पट्टा सोडून गोठ्यात भिरकावला. मी म्हटलं, "मग शाळेत जाऊन सांगा ना!"

"आपल्याला काय करायचंय? संस्था त्यांची हाय. तुला दहावी काढायचीय का नाय?"

सगळ्या गावाने असेच गुपचूप पट्टे काढले आणि बाईंना जाऊ दिलं.

वार्षिक परीक्षेचा पेपर मुख्याध्यापकांनीच काढला. 'वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणजे काय, ते उदाहरणासह लिहा.' मी आमच्या बागेचं उदाहरण लिहिलं. त्यांनी त्यावर लाल शाईने काट मारली. माझ्या शेजारणीने गाइडमधलं उत्तर शब्दन् शब्द उतरवलं होतं, तिला पैकीच्या पैकी. सरांनी तिचं उत्तर वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं आणि टाळ्या वाजवायला सांगितल्या. सगळ्या वर्गाने वाजवल्या.