संत्री खाल्लेली टाकी

मोहगावात आमच्या शेजारी पंचफुलाकाकू राहायची. जन्म गेला तिचा चुलीत जाळायच्या कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या धुरात. ती खोकायला लागली की आमच्या ओसरीपर्यंत ऐकू यायचं आणि माझा जीव खालीवर व्हायचा. म्हणून चौऱ्याऐंशी साली तिनं हट्टानं गोठ्यामागं गोबरगॅस बसवून घेतला, तेव्हा तिच्याइतकाच आनंद मला झाला.

शेणाचा खड्डा, त्यावर लोखंडाची टाकी. गॅस भरला की टाकी वर चढायची. स्वयंपाकघरात शेगडी, वर गॅसचाच दिवा, आणि धुराचं नाव नाही! काकूचा खोकला निम्म्यावर आला.

तिचा नवरा नत्थूजीकाका मात्र तोंड फुगवून. माणूस वाईट नव्हता, पण आडमुठा, अस्सा आडमुठा! शेणावर त्याच्या मते फक्त संत्र्याच्या झाडांचा हक्क.

"गावात लाईट आली ना? मंग हा खड्डा कायले पाह्यजे?"

"तुमची ती कोळसा जाळून केलेली लाईट जेवायच्या टायमालेच जाते," काकू म्हणायची. "आन् खड्ड्यातून निघते ते खतच हाय. झाडाईले टाका."

शेवटी काकानं फर्मान काढलं. पोळ्याचं पुरण या गॅसवर शिजलं तर ठीक, नाही तर खड्डा बुजवतो.

काकू इरेला पेटली, आणि घात केला तो मायेनंच. बगिच्यात गळलेली संत्री पडली होती. दुभत्या म्हशीला सरकी घालावी तशी तिनं ती टोपल्याटोपल्यानं खड्ड्यात लोटली.

"काकू, हे काय करून राह्यली?"

"अवो, खाऊ दे ना पोटभर! पोळ्याले जोर पाह्यजे."

झालं! टाकी बसली ती बसलीच. आंबूस वास सुटला. ग्रामसेवक येऊन म्हणाले, "बाई, संत्र्यानं खड्डा आंबट झाला. आता थोडा चुना टाका, रोज ताजं शेण घाला. वेळ लागन."

वेळच तर नव्हता. पोळ्याच्या सकाळी शेगडी जरा फुसफुसली आणि विझली. काकूनं डोळे पुसले, अंगणातली जुनी चूल पेटवली. पऱ्हाट्या ओल्या, धूरच धूर. पुरण हाटता हाटता अशी खोकली बाई, की पळी टाकून भिंतीला टेकली.

काका बैलांची शिंगं रंगवत होता. त्यानं बघितलं. रंगाचा डबा खाली ठेवला, फावडं उचललं आणि गोठ्यामागं गेला.

"गेले बुजवाले," काकू म्हणाली आणि रडायलाच लागली.

असा संताप आला मला! सणाच्या दिवशी बाईला रडवतो? पदर खोचून मागं गेले, चांगलं सुनावणार होते. बघते तर काका गुडघाभर राड्यात. आंबट राडा बादलीनं उपसत होता आणि बैलांचं ताजं शेण खड्ड्यात ढकलत होता.

"काकाजी, आज बैलाईले सुट्टी असते ना?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"बैल बसूनच हायेत. काम मी करून राह्यलो. तू जा, चूल सांभाळ. तिले धुरात बसू देऊ नको."

टाकी वर चढायला दसरा उजाडला. त्या सकाळी मी विरजण मागायला गेले, तर काका शेगडीपुढं बसलेला. जन्मात पहिल्यांदा त्यानं चहा केला होता, आणि साखर घालायलाच विसरला होता. काकूनं तो कडू चहा सगळा प्यायला, आणि एकदाही खोकली नाही.