रुपरावांचे पाच नऊ

मनीषनगरात स्कूटरची मीटरं दुरुस्त करणाऱ्या रुपरावांना कुणी काहीही म्हणावं, पण आकडा मागं फिरवा एवढं म्हणू नये. जुन्या गाड्या विकणारे येत, चहा पाजत आणि ऐंशी हजार किलोमीटर धावलेली स्कूटर तीस हजारांवर आणून द्या म्हणून गळ घालत. रुपराव चहा पिऊन त्यांना घालवून देत. त्यांचे आजोबा धोंडबा बैलगाडीच्या चाकाला लाल चिंधी बांधत आणि तिचे फेरे मोजून दोन गावांतलं अंतर सांगत. "चिंधी लबाड नाई बोले, तं मीटर काहून बोलन?" हा रुपरावांचा बाणा. आता पडद्यावर आकडे उमटणाऱ्या गाड्या आल्या, गिऱ्हाईक आटलं. बाणा मात्र तसाच राहिला.

त्यांची स्वतःची स्कूटर लग्नाच्या वर्षीची. तिचं मीटर नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णववर आलं होतं. पुढच्या किलोमीटरला पाची नऊ पालटून पाच शून्यं होणार होती. बायकोनं, कौसल्यानं, महिनाभर आधीच बजावलं होतं, "मी मांगं बसली असंन तेव्हाच. एकटे गेले तं याद राखा!" रुपरावांनी चार दिवस गाडी हलवली नाही. मुहूर्त ठरला रविवारचा.

रविवारी सकाळी कौसल्या आत ठेवणीतली साडी नेसत होती. पाची आकडे एकदम फिरताना जुनी चक्रं अडकतात, हे रुपरावांइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यांनी मीटर उघडलं, तेल सोडलं, बंद केलं. आणि अठ्ठावीस वर्षं दुरुस्त केलेल्या प्रत्येक गाडीचं जे करत आले, तेच केलं. किक मारली आणि तपासणीच्या फेरीला निघाले. कडुनिंबापर्यंत दोन किलोमीटर, परत दोन, अंतर स्वतः फितीनं मोजलेलं. दारात येऊन सवयीनं आकडा वाचला. चार शून्यं आणि तीन.

भला माणूस मटकन पायरीवर बसला. असा गाढवपणा शत्रूच्या हातूनही होऊ नये! चार किलोमीटर मागं न्यायला त्यांना चार मिनिटंही लागली नसती. हात पेचकसाकडे गेला. टोक स्क्रूवर टेकलं आणि लाजेनं त्यांचे कान तापले.

"काहून खोलून राहिले जी?" कौसल्या दारात उभी होती.

रुपरावांनी सगळं सांगून टाकलं. पेचकसाचंही.

कौसल्यानं वाकून मीटर पाहिलं आणि तोंडाला पदर लावून खुदखुदली. "गाडी घेऊन धंतोलीले माह्या बापाच्या घरी आले, तेव्हा तुम्हीच तं दाखोलं होतं. मीटर पाय वं, शोरूमपासून तीनच किलोमीटर चालली म्हणे. मंग मी बसली."

रुपरावांनी पेचकस खिशात घातला. कौसल्या मागं बसली.

"धरून बस वं."

"तेव्हाबी हेच म्हनलं होतं," ती म्हणाली आणि तिनं त्यांचा खांदा धरला.

स्कूटर निघाली. चौकात तिनाचा चार होऊ लागला, तो दोघांनी वाकून पाहिला.