रेखाच्या वॉलेटचा पिन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. रेखाला तर नाहीच.

रेखा माझी बायको. आमचं घर आटगावला, तिची नोकरी कल्याणला. पगारातून थोडं थोडं बाजूला काढून तिनं बिटकॉइन घेतलं आणि त्याची चावी एका हार्डवेअर वॉलेटमध्ये ठेवली — पेन ड्राइव्हएवढं यंत्र. पिन फक्त तिला ठाऊक.

मी एकदा विचारला. ती म्हणाली, "सांगनार नाय. राग नका धरू. तुमाला म्हाईतच नसंल, तर कोन धमकावून बी तुमच्याकडनं काय काढनार?"

केवढा पुढचा विचार! आणि मला काय ऐकू आलं? हिचा माझ्यावर भरवसा नाही — एवढंच.

तेव्हा तिचा थोरला भाऊ, गणेशदादा, मुरबाडहून आमच्याकडे राहायला आला होता. एका दुपारी दोघंही बाहेर. मी कपाट उघडलं. यंत्राच्या पाकिटाचं तोंड तिनं चमचमत्या नेलपॉलिशनं बंद केलं होतं. ते मी खरवडलं. लग्नाची तारीख घातली, मुलीचा वाढदिवस घातला... काही वेळा चुकल्यावर यंत्रानं स्वतःला पुसून टाकलं. कोरं.

घाबरलो. तिच्याच बाटलीतलं नेलपॉलिश पुन्हा लावलं — आणि गप्प बसलो.

पण तिच्या मोबाइलमध्ये त्या नेलपॉलिशचा फोटो होता. चमकीचा कण न् कण कुठे आहे, ते तिनं ताडून पाहिलं. "कुनीतरी उघडलंय," म्हणाली. आवाज चढला नाही. म्हसा गावी मावशीकडे तिनं स्टीलची पट्टी जपून ठेवली होती, तिच्यावर यंत्र गेलं तरी चावी परत मिळवून देणारे शब्द ठोकलेले. ती आणली, नवं यंत्र घेतलं, सगळं त्यात हलवलं. काहीच गेलं नाही. मी बघत राहिलो. खरं सांगू? लाजेच्या आधी मला तिचा अभिमान वाटला. अजून वाटतो.

मग तिनं विचारलं, "दादा खोलीत गेलता का?"

मी म्हणालो, "गेला असेल."

दादाला ती एका शब्दानं बोलली नाही. फक्त त्याच्याकडची आमच्या घराची किल्ली मागून घेतली. तो पुन्हा आमच्याकडे राहिलेला नाही. पूर्वी भाऊबीजेला ती मुरबाडला मुक्काम करायची. आता ओवाळते, जेवते, निघते.

यंदा अंगणात त्यानं मला बाजूला घेतलं. "भावजी, रेखा माज्यावर रागावलीय का?"

"नाय," मी म्हणालो, "कामात असते."

त्यानं मान हलवली. आत जाऊन माझ्यासाठी चहा आणला. मी तो प्यायलो.