पन्नास एकरांचा माणूस

"काका, मंडळाच्या अंकासाठी मनोहर कुंभोजकरांचा परिचय लिहून द्याल का?" आसावरीचा फोन आला तेव्हा मी तिला सरळ विचारलं, "दुसरं कोणी मिळालं नाही?" आसावरी आमच्या अंकाची संपादक. म्हणाली, "म्युझियमने त्यांना या वर्षीचं व्हॉलंटियर अवॉर्ड दिलंय ना! आणि तुम्ही तर दर शनिवारी त्यांच्याबरोबर जाता." जातो. म्हणूनच विचारलं.

आधीच सांगून टाकतो, मला मनोहरचा हेवा वाटतो. चांगला पोटात दुखण्याइतका वाटतो. म्हणजे पुढे मी त्याचं कौतुक केलंच, तर ते किती जोर लावून बाहेर काढलंय हे तुम्हाला कळेल.

आम्ही राहतो त्या हर्नडनपासून दोन तासांवर नदीकाठी आमचं म्युझियम आहे. चारशे वर्षांपूर्वी इंग्रजांनी व्हर्जिनियात वसाहत केली, तेव्हाचं गाव तिथे उभं केलंय. लाकडी चर्च, गव्हर्नरच्या कौन्सिलची खोली, तंबाखूचं शेत, नोकरांची झोपडी. आम्ही त्या काळचे कपडे चढवून त्या गावातली माणसं व्हायचं आणि येणाऱ्यांशी बोलायचं. काउंटीच्या रस्तेखात्यातून रिटायर झाल्यावर मी जायला लागलो, त्याला अकरा वर्षं झाली. मी कौन्सिलचा मेंबर. पिसाची टोपी, उंच पाठीची खुर्ची. चर्च चुकवलं तर दंड काय, पहिली असेंब्ली चर्चमध्येच कशी भरली आणि उकाड्याने कशी आवरती घ्यावी लागली, सगळं मला तोंडपाठ आहे.

मनोहरला तिथे मीच नेलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मला ड्राइव्ह करणारं कोणीतरी हवं होतं. तो माझ्याहून बारा वर्षांनी लहान, दोन गल्ल्या सोडून राहणारा, कुठल्याही कामाला नाही न म्हणणारा. पायावर धोंडा मारून घ्यायला माणूस याहून सोयीचा मिळाला नसता.

गेल्या वर्षी त्या काळच्या जमिनींच्या नोंदी वाचताना मला एक ओळ दिसली. सोळाशेतीसच्या दशकातली. एका मळेवाल्याने जहाजातून आणलेल्या माणसांच्या यादीत एक नाव, आणि पुढे लिहिलेलं, ईस्ट इंडियन. आपल्याकडचा माणूस, व्हर्जिनियात, तेव्हा! अभ्यासकांना ती ओळ ठाऊक होती, आमच्या म्युझियमला नव्हती. मी ती डायरेक्टरबाईंना दाखवली. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, आपण ही नवी भूमिका करू, आणि हेमचंद्र, तुम्हीच करा.

"बसायचं कुठे?" मी विचारलं.

झोपडीत. जमिनीवर. उन्हात तंबाखूच्या पानांवरच्या अळ्या वेचायच्या.

पंच्याहत्तर वर्षांचा इंजिनियर मी, या देशात येऊन पन्नास वर्षं झाली. फोटो पुण्याला गेले तर भाऊ काय म्हणेल? त्या गावात चर्चमध्येसुद्धा माणसं मानाप्रमाणे बसायची, आणि माझी जागा पहिल्या बाकावर होती. मी म्हटलं, "मनोहरला द्या." जुना कोट देऊन टाकावा तसा तो रोल मी देऊन टाकला.

दोन महिन्यांत माझ्या खोलीसमोर चिटपाखरू फिरकेना. सगळी गर्दी झोपडीकडे. मनोहर पानावरून बोटाएवढी हिरवी अळी उचलायचा आणि एखाद्या धीट पोराच्या तळहातावर ठेवायचा. पोरं किंचाळायची आणि पुन्हा रांगेत उभी राहायची. मग तो अनवाणी पाय पुढे घेऊन बसायचा आणि सांगायचा, माझा कराराचा कागद मालकाच्या पेटीत आहे, तो हातात येईपर्यंत मी इथून हलू शकत नाही. बायकांचे डोळे भरायचे. माझी नऊ वर्षांची नात इला मला बघायला म्हणून आली आणि तीन तास झोपडीत बसली. घरी जाताना म्हणाली, "आजोबा, मनोहर काका इज अमेझिंग! तुम्ही फक्त चेअरमध्ये बसता का?"

त्या दिवशी मी जेवलो नाही. कांचनने, माझ्या बायकोने, विचारलं तर ॲसिडिटी म्हणून सांगितलं.

एकदा गाडीत मी त्याला टोमणा मारला, "नोकराचं बेअरिंग तुला बरं जमतं रे." तो हसला. "सहा वर्षं प्रॅक्टिस केलीय, दादा." मग रस्त्यावरची नजर न काढता त्याने सांगितलं. ओळखीच्या ओळखीने एका मोटेलवाल्याने त्याला इकडे आणलं होतं. पासपोर्ट मालकाच्या ड्रॉवरमध्ये. दिवसाला चाळीस खोल्या, चादरी, संडास. ग्रीन कार्ड येईपर्यंत सोडून जायची सोय नाही. आई गेली तेव्हाही जाता आलं नाही. वीस वर्षं मी या माणसाला ओळखत होतो आणि यातलं मला काही माहीत नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं. मला वाटलं ते असं, की याच्याकडे हेही आहे! मी पुस्तकं वाचून जे सांगणार, ते हा जगून आलाय.

तेव्हा मी ठरवलं, रोल परत घ्यायचा. माझी ओळ, माझा शोध. मान गेला खड्ड्यात, अळ्या वेचीन.

आणि चूक मला सापडली. मनोहर शेवटी सांगायचा, मुदत संपली की मला पन्नास एकर मिळतील. साफ चूक! पन्नास एकर मिळायचे ते माणसाच्या प्रवासाचा खर्च करणाऱ्याला. नोकराचं नाव कागदावर यायचं ते मालकाने जमीन मागताना. मी डायरेक्टरबाईंना लांबलचक ईमेल लिहिली. मुलांना खोटा इतिहास शिकवला जातोय, असंही लिहिलं. ही भूमिका जाणकाराने करावी, असं शेवटी घातलं. जाणकार कोण ते त्यांना कळण्यासारखं होतं.

चार दिवसांनी मनोहर चिवड्याचा डबा घेऊन दारात. "दादा, फॅक्ट्समध्ये चूक आहे म्हणतात. शनिवारपर्यंत करेक्ट नाही केलं तर रोल बंद. तुम्ही शिकवाल?"

उलटसुलट काहीतरी सांगून मी त्याला वाटेला लावू शकलो असतो. पण खरी तारीख, खरा कायदा माहीत असताना चुकीचं सांगणं मला कधी जमलेलं नाही. हा चांगुलपणा नव्हे, खोड आहे. कांचनने चहा केला, मी दोन तास शिकवलं, तो शाळेतल्या मुलासारखा लिहून घेत राहिला.

शनिवारी डायरेक्टरबाई ऐकायला आल्या. मीही मागे उभा राहिलो, पिसाची टोपी घालून. मनोहरने अळी वेचता वेचता सांगितलं, "माझ्यामुळे पन्नास एकर मिळाले." थांबला. "मला नाही. मला आणणाऱ्याला. म्हणून माझं नाव राहिलं. मी कुठे जन्मलो, कसा मेलो, कोणी लिहिलं नाही."

माझीच दुरुस्ती, माझ्याच तोंडातलं वाक्य, आणि ते त्याचं झालं. बाई डोळे पुसत होत्या. अवॉर्ड त्यावरच मिळालं.

निघताना तो पाय धुवायला गेला आणि म्हणाला, "दादा, किल्ली माझ्या पिशवीत आहे, गाडी उघडा." पिशवीत फाइल होती. उघडायला नको होती, उघडली. वरतीच माझी ईमेल, छापलेली, खाली माझ्या पूर्ण नावासकट. बाईंनी जशीच्या तशी त्याला पाठवली होती. पाठवल्याची तारीख होती चिवडा आणला त्याच्या आदल्या दिवसाची. पन्नास एकरांच्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ, आणि समासात लिहिलेलं, "दादा बरोबर आहेत. त्यांनाच विचारायचं."

तो आला, गाडी सुरू केली. "एसी कमी करू का, दादा? तुम्हाला डोळ्यांवर लागतो." मी मान हलवली. दोन तासांत मला माफी मागता आली नाही, आणि त्याने ती मागायला लावली नाही.

तर आसावरी, हा झाला परिचय. मी पुन्हा खुर्चीत बसतो. शनिवारी सकाळी साडेसातला तो न्यायला येतो, पाच मिनिटं आधीच. मजकूर लांबला असेल तर माझी अकरा वर्षं काप, पिसाची टोपी काप. मला त्याचा हेवा वाटतो, हे वाक्य मात्र ठेव.